"टेन्शन घेऊ नका" म्हणजे नेमकं काय करायचं?

डोकं दिवसभर जड. मान आखडलेली. पोट कधी गच्च, कधी बिघडलेलं. रात्री दोनला जाग येते ती येतेच. रक्त तपासून झालं, ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर फाइल मिटून म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका."

दवाखान्यातून बाहेर पडताना मनात दोन प्रश्न असतात. म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणि टेन्शन मी हौसेने घेतो का, की सांगितल्यावर बंद करता येईल?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. दुखणं खरं आहे आणि ते शरीरात कसं तयार होतं हे बरंचसं कळलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर सांगायला जरा वेळ लागतो. त्यातच सध्या "तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय" असं सांगत सुजलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवणारे आणि त्यावर गोळ्या विकणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतायत. म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू.

## ताण म्हणजे मुळात काय

अंगावर कुत्रं धावून आलं तर आपण विचार करत बसत नाही. पुढच्या काही सेकंदांत छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जातं, साठवलेली साखर रक्तात उतरते. जखम झालीच तर रक्त वाया जाऊ नये म्हणून ते लवकर गोठायला तयार होतं. पचन थांबतं, कारण जीव वाचवायच्या वेळी जेवण पचवण्याची घाई कोणाला नसते. ही सगळी तयारी म्हणजे ताण. ती करणारं पहिलं रसायन ॲड्रेनलिन.

हार्वर्डमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन मांजरांच्या पोटाची हालचाल एक्स-रेखाली पाहत असत. मांजर शांत असलं की जठर लयीत हलायचं. ते बिथरलं की हालचाल बंद, शांत झालं की पुन्हा सुरू. अशाच निरीक्षणांतून 1915 च्या सुमारास त्यांनी "लढा किंवा पळा" ही कल्पना मांडली. परीक्षेच्या सकाळी घास घशाखाली का उतरत नाही, याचं उत्तर त्या मांजरांच्या पोटात होतं.

ॲड्रेनलिन पटकन येतं आणि पटकन ओसरतं. संकट लांबलं तर दुसरी फळी लागते. मेंदू पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना हुकूम देते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. साधारण वीस ते तीस मिनिटांत ते सर्वांत जास्त होतं. त्याचं काम रसद पुरवण्याचं: रक्तात साखर चढती ठेवायची आणि डागडुजी, वाढ, प्रजनन असली सावकाशीची कामं पुढे ढकलायची.

यात एक सुंदर सोय आहे. पाण्याच्या टाकीत तरंगता चेंडू असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं. कॉर्टिसॉलचंही तसंच. रक्तात ते पुरेसं झालं की मेंदूला समजतं आणि तो हुकूम मागे घेतो.

कॉर्टिसॉलला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. निरोगी माणसात ते रोज पहाटे चढतं, उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. आपण सकाळी अंथरुणातून उठू शकतो त्यात त्याचा वाटा आहे. ॲडिसनच्या आजारात ते पुरेसं तयार होत नाही, आणि उपचार न झाल्यास तो आजार जीव घेऊ शकतो.

## मग बिघडतं कुठे?

ताण चढण्यात दुखणं नाही, तो न उतरण्यात आहे.

कुत्रं निघून जातं. पण कर्जाचा हप्ता, आजारी वडील, कधी जाईल सांगता न येणारी नोकरी, घरातला अबोला, ही कुत्री दारातून हलत नाहीत. शिवाय माणसाच्या मेंदूला संकट समोर असायचीही गरज लागत नाही. उद्याच्या बोलणीची नुसती आठवण आली तरी अंथरुणात पडल्यापडल्या छाती धडधडते. कल्पनेतल्या कुत्र्यासाठीही बंब निघतो.

बंब म्हटलं ते विचार करून म्हटलं. घराला खरोखर आग लागली तर अग्निशमनवाले येऊन पाण्याचा मारा करतात. भिंती भिजतात, गाद्या वाया जातात, पण घर वाचतं. आता समजा, घंटा दिवसातून चार वेळा वाजते, आग कुठेच नाही, आणि बंब मात्र दर वेळी येऊन घर भिजवून जातो. वर्षभरात भिंतींना ओल धरेल, लाकूड कुजेल, वायरी गंजतील. ते घर आगीने जाणार नाही, पाण्याने जाईल. या साठत जाणाऱ्या झिजेला अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकीवेन यांनी 1993 मध्ये एका सहकाऱ्यासह नाव दिलं. मराठीत त्याला झिजेचा भार म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट घडते. घंटा सतत वाजत राहिली की माणसं ती ऐकेनाशी होतात. कॉर्टिसॉलचं एक महत्त्वाचं काम म्हणजे शरीरातली सूज, म्हणजे प्रतिकारशक्तीने पेटवलेली लढाई, वेळेत विझवणं. ताण महिनोन्महिने चालला की प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या हुकमाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. मग बारीक सूज धुमसत राहते. रक्तात कॉर्टिसॉल फारसं वाढलेलं नसतानाही नुकसान होऊ शकतं, त्याचं हे एक कारण.

## साडेतीन मिलिमीटरची जखम

ताणाचा शरीरावर परिणाम होतो यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांना मी नेहमी एका छोट्या प्रयोगाबद्दल सांगते. तो 1995 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची घरी काळजी घेणाऱ्या 13 बायका घेतल्या, आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच आर्थिक परिस्थितीतल्या, पण ती जबाबदारी नसलेल्या आणखी 13. प्रत्येकीच्या कातडीला भूल देऊन साडेतीन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडलं. पेन्सिलीच्या टोकाने पडावं एवढं.

मग जखम भरण्याची वाट पाहायची. भरली हे ठरवायचं कसं? हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. जखम उघडी असेल तर फेस येतो, कातडी मिटली असेल तर येत नाही. ज्यांच्यावर जबाबदारी नव्हती त्यांच्या जखमेला फेस यायचा थांबला सरासरी 39 दिवसांनी. काळजी घेणाऱ्यांच्या जखमेला साधारण 49 दिवस लागले.

जखम तीच, साधन तेच. नऊदहा दिवस जास्त लागले. घरी परत गेल्यावर ज्या आयुष्याला तोंड द्यायचं होतं ते त्या छिद्रात उतरलं होतं. प्रयोग छोटा होता हे खरं, पण ताण आणि जखम भरणं यांचा संबंध नंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसला आहे.

## हृदयापर्यंत तो कसा पोचतो

इथे वाट लांबची आहे. वारंवार वाढणारा रक्तदाब रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला ओरखडे पाडतो. धुमसणारी सूज त्या ओरखड्यांवर चरबी साचायला मदत करते. रक्त लवकर गोठायच्या तयारीत असतंच. यातली कुठलीच गोष्ट एका दिवसात जाणवत नाही.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 293 जणांच्या मेंदूचे स्कॅन पाहून त्यांचा पुढची काही वर्षं पाठपुरावा केला. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग धोक्याची चाहूल घेतो. ज्यांच्यात तो जास्त कार्यरत होता त्यांच्या अस्थिमज्जेचं, म्हणजे जिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार होतात तिचं, कामही वाढलेलं होतं, धमन्यांत सूज जास्त होती आणि पुढे हृदयविकार, पक्षाघात असे आजारही त्यांना जास्त झाले. मेंदूतल्या भीतीपासून धमनीपर्यंतची वाट तिथे एकाच चित्रात दिसली.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास. तो 1967 मध्ये सुरू झाला. "मोठ्या साहेबांना टेन्शन जास्त, म्हणून झटकेही त्यांनाच" असा समज तेव्हा होता, आजही आहे. निघालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्यातला काही भागच समजावता आला. 1985 पासून झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एक धागा सापडला: आपल्या कामावर आपला किती ताबा आहे. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं हे ज्यांना ठरवता येत नव्हतं त्यांच्या हृदयाला धोका जास्त होता. कामाचं ओझं हा एक भाग झाला. ओझं दुसऱ्याच्या हातात असणं हा दुसरा, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

## पोट, साखर, झोप

ताणात जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं. त्यामुळे वर गच्च वाटतं आणि खाली पळावं लागतं, दोन्ही एकाच दिवशी. रक्तात सोडलेली साखर पळण्यासाठी असते. आपण खुर्चीत बसून राहिलो तर ती वापरलीच जात नाही. मधुमेह असलेल्यांची साखर पथ्य पाळूनही ताणाच्या दिवसांत का चढते, ते यावरून समजावं. पोटाच्या आतल्या चरबीवर कॉर्टिसॉलचा परिणाम जास्त होतो, म्हणून दीर्घ ताणात घेर वाढू शकतो. केस गळतात ते बहुधा दोनतीन महिन्यांनी, तोवर मूळ प्रसंग विसरलेला असतो. पाळी पुढे जाते किंवा चुकते.

झोपेचं चक्र मात्र वाईट अडकतं. ताणाने झोप तुटते, आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोष्टीचा ताण जास्त येतो.

## "ताणामुळे सवयी बिघडतात, आजार त्यांचा. ताणाचा काय दोष?"

शंका बरोबर आहे. ताणात माणूस सिगारेट वाढवतो, हलायचा थांबतो, अवेळी खातो. त्याचं नुकसान होतंच. पण एवढ्यावर भागत नाही. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात 394 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना वेगळं ठेवलं. ज्यांनी आधी जास्त ताण असल्याचं सांगितलं होतं त्यांना संसर्गही जास्त झाला. धूम्रपान, दारू, व्यायाम, झोप, आहार हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला.

## "अल्सर ताणाने होतो म्हणायचे, ते तर खोटं निघालं"

1936 मध्ये ताणाचे अभ्यासक हान्स सेलिये यांना वेगवेगळे त्रास दिलेल्या उंदरांच्या जठरात व्रण सापडले होते. पुढे कित्येक दशकं अल्सर म्हणजे चिंतेचा आजार असंच धरलं गेलं. मग ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्यामागे असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. आज अल्सरवर प्रतिजैविकं देतात आणि तो बरा होतो.

पण हा जिवाणू पोटात असलेल्या बहुतेकांना अल्सर होत नाही. आणि 1995 मध्ये जपानमधल्या कोबेला भूकंप झाला, त्यानंतर तिथे रक्तस्राव होणारे अल्सर वाढले. जिवाणू आधीही तिथेच होता. म्हणजे ठिणगी एकाची, वारा दुसऱ्याचा.

यातून एक सावधगिरी मात्र शिकावी. प्रत्येक आजाराचं खापर ताणावर फोडू नये. ताणामुळे कॅन्सर होतो याचा पुरावा कमकुवत आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला "तू फार मनाला लावून घेतोस, म्हणून झालं" असं म्हणणं चुकीचं आहे आणि क्रूरही. कृपा करून असं कोणाला म्हणू नका.

## "कॉर्टिसॉलची तपासणी करून घेऊ का?"

ताण मोजण्यासाठी असेल तर नको. कॉर्टिसॉल दर तासाला बदलतं. सुई टोचायच्या भीतीनेही चढू शकतं. कुशिंग (यात कॉर्टिसॉल फार जास्त होतं) किंवा ॲडिसनसारख्या ठरावीक आजारांची शंका आली तरच डॉक्टर ती तपासणी लिहून देतात. कुशिंगमध्ये चेहरा खरोखर गोल होतो, पण रोजच्या धावपळीने येणारी सकाळची सूज म्हणजे कुशिंग नव्हे. "ॲड्रिनल ग्रंथी थकल्या" हे निदान ग्रंथीविकारांच्या तज्ज्ञ संघटना मान्य करत नाहीत. त्यावरच्या गोळ्यांत पैसे घालवू नका.

## उतरवायचा कसा

आता दुसरा प्रश्न. टेन्शन न घेणं आपल्या हातात नसतं. शरीराला "संकट संपलं" असा निरोप देणं बऱ्याच अंशी हातात असतं, आणि शरीराला शब्दांतला निरोप कळत नाही.

आत्ता हे करून पाहा. मनगटावर नाडीला बोट लावा. सावकाश श्वास आत घ्या, त्याहून सावकाश सोडा. आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब होतात. मेंदूपासून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना हृदयाला आवरते. म्हणून चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर अशा लयीत पाच मिनिटं श्वास घेतला तर ठोके उतरतात. याला श्रद्धा लागत नाही. आणि नाडी धरलीच आहे तर दातांवर दात आवळलेत का, खांदे कानांकडे सरकलेत का तेही बघा. "मला काही ताण नाही" म्हणणाऱ्यांचे जबडे बरेचदा वेगळंच सांगतात.

दुसरा निरोप हालचालीचा. शरीराने पळायची तयारी केली आहे, तर त्याला थोडं पळू द्यावं. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यायामातही ॲड्रेनलिन चढतं, जोराच्या व्यायामात कॉर्टिसॉलही. पण ते चढून उतरतं. थोडा ताण चांगला असतो असं म्हणतात तो हाच, शेवट असलेला.

झोपेसाठी उठायची वेळ पक्की करणं हे झोपायच्या वेळेपेक्षा सोपं जातं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवा. एका छोट्या प्रयोगात अशी यादी करणाऱ्यांना, आधीच्या काही दिवसांत उरकलेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. जे कागदावर आहे ते डोक्यात धरून ठेवावं लागत नाही.

सिगारेटने डोकं शांत होतं असं वाटतं, पण ती शांतता निकोटिनची तलफ भागल्याची असते. सोडल्यानंतर पहिले आठवडे कठीण जातात. पुढे सोडणाऱ्यांची चिंता ओढणाऱ्यांपेक्षा कमी होते असं दिसलं आहे. दारूने झोप लागते, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

आणि माणसं. 148 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये निघाला. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त होती. उपाय सुचवणारा मित्र प्रत्येक वेळी लागत नाही. ऐकून घेणारा लागतो.

## डॉक्टरांकडे कधी?

छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, घाम फुटणं याला "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तपासणी आधी, ताणाची चर्चा नंतर. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर ती श्वासाच्या व्यायामाने भागणारी गोष्ट नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. विचारांची आणि वागण्याची वळणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा चिंता आणि नैराश्यात चांगला उपयोग होतो, आणि गरज असेल तिथे औषधंही काम करतात.

## "परिस्थितीच बदलण्यासारखी नाही. मग?"

या प्रश्नावर मी कधीच पटकन बोलू शकत नाही. हप्ते श्वासाने फिटत नाहीत. रात्री अकराला कामाचे निरोप धाडणाऱ्या ठिकाणी महिन्यातून एकदा ध्यानाचा वर्ग भरवून काही साधत नाही. निरोप धाडणं थांबवावं लागतं. ब्रिटनच्या त्या नोकरांचा धडा मालकांसाठी आहे: माणसाला आपल्या कामावर थोडा ताबा द्या.

पण पूर्ण परिस्थिती बदलत नाही तिथेही एक गोष्ट हलवता येते. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत दोन उंदरांना सारखेच विजेचे झटके दिले. एकाला झटक्याआधी सूचना मिळायची, दुसऱ्याला नाही. सूचना मिळणाऱ्याच्या पोटात व्रण कमी झाले. झटके तेवढेच होते. पण सूचना नसेल तेव्हा आत्ता काही होणार नाही, हे त्याला कळत होतं. तेवढ्या वेळात त्याचं शरीर उतरत होतं.

घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर काळजी घेणारीला "स्वतःकडे लक्ष दे गं" असं सांगून काही होत नाही. मंगळवारची आणि शुक्रवारची रात्र माझी, असं कोणीतरी ठरवावं आणि ते पाळावं. त्या दोन रात्री तिने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावं. खोकल्याचा आवाज आला तरी उठायचं नाही, हे तिला आधीपासून ठाऊक असावं.